घराच्या किमतीहून कर्ज मोठं झालं, तर?



गटाच्या बैठकीत आपण सगळ्या कर्जांबद्दल मोकळेपणानं बोलतो. शेळीसाठी घेतलेलं, शिलाई मशीनसाठी घेतलेलं, मुलाच्या फीसाठी घेतलेलं. एखादीचा हप्ता चुकला, तर दहाजणी विचारतात, "का गं, काय झालं?" पण घराच्या कर्जाचा विषय निघाला की सगळ्या गप्प. ते कर्ज बँकेचं, आकडा लाखांतला, आणि कागद बहुतेक वेळा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मालकांच्या फायलीत. सही मात्र आपलीही असते. कारण गेल्या काही वर्षांत घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, सरकारी योजनेच्या व्याज अनुदानासाठीही घरात बाईचं नाव लागायचं, म्हणून कितीतरी जणी घराच्या मालकीण झाल्या. चांगलंच झालं. पण मालकीण झालो तशा कर्जदारही झालो, हे फार जणींना कोणी सांगितलंच नाही.

आज मी अशा घरांबद्दल बोलणार आहे, ज्यांच्यावरचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालंय. म्हणजे घर विकलं तरी कर्ज फिटत नाही, वरून पदरचे पैसे घालावे लागतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं म्हणतो ना आपण, तसला प्रकार.

असं होतं कसं, ते आधी एका हिशोबानं पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे.

समजा एका ताईंनी तालुक्याच्या गावी २५ लाखांचा फ्लॅट घेतला. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणून साडेबावीस लाखांचं कर्ज मिळालं. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो २० हजार २४४ रुपये. ताईंनी पाच वर्षं एकही हप्ता चुकवला नाही. म्हणजे ६० हप्ते, सगळे मिळून १२ लाख १४ हजार रुपये भरले. मग मुद्दल किती कमी झालं? फक्त अडीच लाख. बाकीचे साडेनऊ लाखांहून जास्त व्याजात गेले. कर्ज अजून जवळजवळ २० लाख शिल्लक! सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचा असतो, म्हणून असं होतं. यात बँकेनं फसवलं असं नाही, हप्त्याचं गणितच तसं आहे.

आता मध्येच दुकानासाठी त्याच घरावर वाढीव कर्ज घेतलं, त्यातले अडीच लाख बाकी आहेत. एकूण देणं झालं साडेबावीस लाख. इकडे गावात नव्या इमारती उठल्या, त्यांना लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. आपल्या जुन्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर. गिऱ्हाईक १९ लाखांच्या वर जात नाही. १९ लाखांचं घर, साडेबावीस लाखांचं देणं. साडेतीन लाखांचा खड्डा. घर घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणीचा खर्च, तो तर कधीच गेला. विकताना कोणी तो परत देत नाही.

आणखी एक कारण आहे, ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ज्यांचं व्याज बदलतं होतं, त्यांचं व्याज वाढलं. अनेक ठिकाणी हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली. हप्ता वाढला नाही म्हणून घरात कोणाला काही कळलं नाही, पण मुद्दल फिटायचा वेग आणखी मंदावला. तुमचं कर्ज कोणत्या वर्षी संपणार, हे एकदा विचारून बघा. उत्तर ऐकून काही जणींना धक्का बसेल.

आता प्रश्न येतो, करायचं काय? रस्ते आहेत. पण कुठलाही रस्ता धरण्याआधी दोन आकडे हातात हवेत, आणि ते अंदाजाचे नकोत.

पहिला आकडा देण्याचा. बँकेत लेखी अर्ज करा आणि दोन कागद मागा. एक, कर्जखात्याचा उतारा. दुसरा, आजच्या तारखेला कर्ज पूर्ण बंद करायचं तर किती भरावे लागतील, त्याचं पत्र. त्यात मुद्दल, व्याज, दंड आणि इतर खर्च वेगवेगळे दाखवायला सांगा. दंडाकडे नीट बघा. २०२४ पासून बँका आणि गृहकर्ज कंपन्यांना चुकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही. दंड लावायचा तर शुल्क म्हणून, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. उताऱ्यात तसं दिसलं नाही, तर लेखी विचारा.

दुसरा आकडा घराचा. शेजारणीनं सांगितलेली किंमत धरू नका, आणि रेडी रेकनरचा दर म्हणजेच बाजारभाव असंही समजू नका. तो मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतो. तुमच्याच इमारतीत, तुमच्याच गल्लीत अलीकडे झालेले व्यवहार कितीला नोंदले गेले ते बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २ बघता येते. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल, तर तिला बसवा. दोन वेगवेगळ्या एजंटांना विचारा, "विकायला काढलं तर तीन महिन्यांत किती येतील?" मिळालेल्या उत्तरातून दलाली वजा करा. जो राहील तो खरा आकडा.

हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. खड्डा किती खोल आहे ते कळलं की निम्मी भीती कमी होते. आता रस्ते बघू.

पहिला रस्ता, आहे तिथेच राहायचा. हप्ता भरता येत असेल आणि राहायला ते घर लागत असेल, तर किंमत उतरली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. विकत नाही तोपर्यंत तो तोटा कागदावर आहे. सोन्याचा भाव पडला म्हणून कोणी पाटल्या फेकून देतं का? हप्ता नियमित असेल तर भाव उतरला एवढ्यावरून बँका सहसा घराला हात लावत नाहीत. राहता राहता खड्डा भरायचा, आणि तो भरतो मुद्दल कमी केल्यानं. वैयक्तिक गृहकर्जाचं व्याज बदलतं असेल, तर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड घेऊ शकत नाही. शिल्लक २० लाख, मुदत १५ वर्षं, व्याज ९ टक्के असेल, तर दरवर्षी एक जादा हप्ता भरल्यानं कर्ज जवळपास दोन वर्षं आधी संपतं. दिवाळीचा बोनस, सोयाबीनची पट्टी, भिशीची रक्कम, त्यातून हे जमू शकतं. भरताना मात्र अर्जात स्पष्ट लिहा: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी."

दुसरा रस्ता, व्याजदर कमी करून घेण्याचा. जुनं कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलेलं असतं. नव्या गिऱ्हाईकाला बँक कमी दर देते आणि जुनं गिऱ्हाईक जास्त भरत बसतं, कारण ते विचारत नाही. त्याच बँकेत थोडं शुल्क भरून दर बदलता येतो. पाऊण टक्का कमी झाला तरी किती फरक पडतो बघा. २० लाखांवर १५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी हप्ता २० हजार २८५ रुपये, सव्वाआठ टक्क्यांनी १९ हजार ४०३. महिन्याला ८८० रुपयांच्या वर वाचतात, आणि सगळ्या मुदतीत दीड लाखाहून जास्त. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा हे मागायला संकोच करू नका.

"दुसऱ्या बँकेत कर्ज का नेऊ नये?" असं काही जणी विचारतील. नेता येतं, पण आपल्या या अडचणीत तो दरवाजा बहुधा बंद असतो. नवी बँक घराची आजची किंमत काढते आणि तिच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. १९ लाखांच्या घरावर साडेबावीस लाख कोण देईल? "मी करून देतो, आधी फी भरा," असं म्हणणारा भेटला, तर पायातली चप्पल घाला आणि घरी या.

तिसरा रस्ता, मिळकत कमी झाली असेल तर हप्त्याची फेररचना. नोकरी गेली, आजारपण आलं, कर्ता माणूस गेला, दुकान बसलं. अशा वेळी मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळू शकतो, काही महिने सवलतही मिळू शकते. हा हक्क नाही, बँकेनं मान्य करायची गोष्ट आहे. पण वेळेला फार महत्त्व आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं थकीत कर्जात जातं, त्याला एनपीए म्हणतात. त्याआधी गेलात तर बँकेचा अधिकारी तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघतो. नंतर गेलात तर वसुलीची केस म्हणून. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आधीच अर्ज द्या. अर्जात कारण लिहा, पुरावा जोडा, दवाखान्याची कागदपत्रं, कामावरून कमी केल्याचं पत्र, जे असेल ते. आणि आपण दरमहा किती भरू शकतो तो आकडा स्वतः लिहा. "साहेब, काहीतरी करा," यापेक्षा "दरमहा १२ हजार भरू शकते" हे जास्त चालतं. पोच घेतल्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नका. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, हे मात्र ध्यानात ठेवा. हे औषध आहे, रोजचं जेवण नाही.

चौथा रस्ता, घर भाड्यानं देण्याचा. गावात सासऱ्यांचं घर आहे, किंवा आपण लहान खोलीत काही वर्षं काढू शकतो, असं असेल तर फ्लॅटचं भाडं हप्त्याला लावता येतं. भाडं पूर्ण हप्त्याएवढं येणार नाही, पण हप्त्याचा काही भार उचलेल. कर्जाच्या करारात भाड्यानं देण्यासाठी बँकेची परवानगी लागते का, ते आधी वाचा. आणि भाडेकरार नोंदवूनच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्यानं सक्तीचं आहे.

पाचवा रस्ता, घर स्वतः विकण्याचा. हप्ता झेपतच नाही आणि पुढेही झेपणार नाही असं दिसत असेल, तर लिलावाची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच विकलेलं बरं. लिलावात गिऱ्हाईक पडेल भावानं घ्यायला येतं, आपण शांतपणे विकलं तर दोन पैसे जास्त मिळतात. पण गहाण घर विकायचं तर बँकेला बरोबर घेऊनच. बँकेकडून देण्याचं पत्र घ्यायचं, गिऱ्हाईकाला ते दाखवायचं, आणि गिऱ्हाईकाचे पैसे थेट आपल्या कर्जखात्यात जमा करायचे. मग राहिला साडेतीन लाखांचा खड्डा. तो भरायला भविष्य निर्वाह निधी, विम्याची पॉलिसी, सोनं असे मार्ग असतात. किंवा त्या रकमेपुरतं वेगळं कर्ज करून हप्ते बांधून द्या, अशी विनंती बँकेला करता येते. मानणं न मानणं बँकेवर आहे, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. साडेबावीस लाखांच्या ओझ्याऐवजी साडेतीन लाखांचं ओझं राहिलं, तर माणूस मान वर काढू शकतो.

इथे एक सावधगिरी. "घर माझ्या ताब्यात द्या, मुखत्यारपत्र करून द्या, तुमचे हप्ते मी भरतो," असं सांगणारे येतात. नोटरीच्या कागदावर व्यवहार होतो. तो माणूस सहा महिने हप्ते भरतो, मग बंद करतो. घरात तो, कर्जदार तुम्ही, आणि नोटीस तुमच्या नावावर! बँकेला अंधारात ठेवून केलेला कुठलाही व्यवहार शेवटी आपल्याच गळ्यात येतो.

सहावा रस्ता, तडजोडीचा. खातं थकीत झालं, वसुली अवघड दिसली, तर बँक ठरावीक रक्कम एकरकमी घेऊन खातं बंद करते. याला ओटीएस म्हणतात. तडजोड कशी करायची याबाबत रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये बँकांसाठी नियमही दिले आहेत. यात बहुधा दंड आणि व्याज सुटतं, क्वचित मुद्दलातही सूट मिळते. पण तीन गोष्टी सांभाळा. एक, ठरलेली रक्कम आणि भरायची तारीख बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्या. वसुलीवाल्याच्या तोंडी शब्दावर आणि त्याच्या हातात रोख, असं कधीही करू नका. दोन, सहकर्जदार आणि जामीनदार दोघंही मोकळे झाले, असं पत्रात लिहून घ्या. तीन, सिबिलच्या नोंदीत खातं "पूर्ण फिटलं" असं न येता "तडजोडीनं मिटलं" असं येतं. त्यामुळे पुढची काही वर्षं कर्ज मिळायला अडचण येते. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

ज्यांचं घर अजून ताब्यातच आलेलं नाही, इमारत अर्धवट उभी आहे आणि हप्ते मात्र चालू आहेत, त्यांच्यासाठी सातवा रस्ता आहे. बिल्डरनं करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात. त्यासाठी महारेराकडे तक्रार करायची. मात्र तक्रार केली म्हणून बँकेचे हप्ते आपोआप थांबत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

आता जो रस्ता नाही, त्याबद्दल. मोबाइलवर व्हिडिओ येतात, "घर कर्जापेक्षा स्वस्त झालं? चावी बँकेला द्या आणि मोकळे व्हा." असं कुठे चालतं? अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहत्या घराच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जात घर गेलं की उरलेल्या रकमेसाठी बँक माणसामागे लागू शकत नाही, असे कायदे आहेत. ते तिकडचं. आपल्याकडे चावी दिल्यानं कर्ज संपत नाही. घर १७ लाखांना गेलं आणि देणं साडेबावीस लाख असेल, तर उरलेल्या साडेपाच लाखांसाठी बँक कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांच्यावर दावा लावू शकते. उलट घर देण्यापेक्षा जास्त किमतीला गेलं, तर खर्च वजा जाता वरचे पैसे आपल्याला परत मिळायला हवेत. तो आपला हक्क आहे.

लिलावाची वेळ आलीच, तर काय काय होतं ते माहीत असू द्या. बँका, सहकारी बँका आणि बऱ्याच गृहकर्ज कंपन्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं वसुली करतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचंच होतं. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. पोस्टमन आला की दार लावून घेऊ नका. नोटीस नाकारली म्हणून ती टळत नाही. त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेनं १५ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. नंतर ताब्याची कारवाई होते. ती चुकीची वाटली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्या राज्यात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, राखीव किंमत ठरवावी लागते. ती फार कमी वाटली, किंवा जास्त देणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे असेल, तर बँकेला लेखी कळवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळं देणं भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. त्यानंतर पैसे उभे केले तरी उशीर झालेला असतो.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर कायदा वेगळा. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातून वसुलीचा दाखला घेतला जातो. त्याआधी सुनावणी असते. सुनावणीला जायचं, हिशोब मागायचा, हरकत लेखी द्यायची. आपण गेलोच नाही तर समोरच्याचा आकडा तसाच कायम होतो.

वसुलीची माणसं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना फोन, यातलं काहीच चालत नाही. घडलं तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. गृहकर्ज कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करायची, पतसंस्थेची निबंधकाकडे.

वकील कुठून आणायचा, असं वाटत असेल, तर ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन करा. लोकअदालतीत बँकांची प्रकरणं दावा दाखल होण्याआधीही घेतली जातात. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखी असते, तिच्यावर अपील नसतं. म्हणून झेपेल तोच आकडा कबूल करा.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. पहिली, "मी फक्त सही केली" याला कायद्यात अर्थ नाही. सहकर्जदार म्हणून सही असेल तर पूर्ण कर्जाची जबाबदारी आपली. नवऱ्यानं घर सोडलं, घटस्फोट झाला, तरी बँकेपुरती ती संपत नाही. नवरा वारला आणि आपली सही कुठेच नसेल, तर मात्र त्याच्याकडून वारशानं जे मिळालं तेवढ्यापुरतीच आपली जबाबदारी. स्वतःच्या मजुरीतून फेडायची सक्ती कोणी करू शकत नाही. अशा वेळी भोळेपणानं नव्या कागदावर सही करू नका. आणि कर्जाबरोबर विमा काढला होता का, तेही आधी शोधा. पुष्कळ घरांत विम्याचा हप्ता कर्जातूनच कापलेला असतो आणि कोणाला त्याचा पत्ताच नसतो.

दुसरी, घराचा हप्ता भरण्यासाठी बचत गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्स किंवा सावकार यांच्याकडे जाऊ नका. ९ टक्क्यांचं कर्ज फेडायला २४ टक्क्यांचं घेतलं, तर खड्डा बुजत नाही, शेजारी दुसरा खणला जातो. आणि गटाच्या कर्जात तुमच्या दहा मैत्रिणींची पत अडकलेली असते. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यावर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानं कारवाई होते, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

आता या आठवड्यात प्रत्येकीनं एवढंच करायचं. कपाटातली फाईल खाली काढा. आपली सही कुठे आहे आणि कोण म्हणून आहे, ते बघा. बँकेत जाऊन खात्याचा उतारा मागा. घराचा आणि देण्याचा, दोन्ही आकडे वहीत लिहा. आणि पुढच्या बैठकीत इतर कर्जांसारखाच हाही विषय काढा. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, चारित्र्यावरचा डाग तर मुळीच नाही. मात्र गप्प बसलं की दर महिन्याला एकेक दार बंद होत जातं. पहिल्या महिन्यात जे बँकेच्या टेबलावर मिटतं, ते वर्षानं लिलावात जातं. म्हणून लवकर बोला.